वाघ्या, शेवंती आणि बोंडू : मोठ्या कुत्र्यांच्या घरात पिल्लू रुळवण्याच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५

काजूच्या बागेतील मांगरात व्यालेल्या कुत्रीच्या पिल्लांपैकी एक तांबूस-पिवळे पिल्लू आपल्या घरी आणायचे, असे आज घरात सर्वांच्या संमतीने ठरले. पिल्ले जानेवारीच्या अखेरीस जन्मलेली, म्हणजे सध्या पाच आठवड्यांची आहेत. आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लू आईजवळून हलवायचे नाही, हे मी बागेच्या मालकांना सांगून आले. आपला दात जोरात लागला की समोरचा कळवळतो आणि खेळ मोडतो, हे पिल्लू भावंडांशी झोंबतानाच शिकते. ते शिक्षण अर्धवट सोडून आलेले पिल्लू मोठ्या कुत्र्यांच्या पुढ्यात सोडले, तर राहिलेले धडे त्यांना द्यावे लागतात, आणि ते त्यांच्यावर लादण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

घरात आधीपासून दोन कुत्री आहेत. वाघ्या नऊ वर्षांचा, गावठी, नसबंदी झालेला, स्वभावाने शांत, मात्र गेल्या पावसाळ्यापासून उठताना मागचे पाय ओढणारा. शेवंती चार वर्षांची, तीही गावठी आणि नसबंदी झालेली, चपळ, माणसांत मिसळणारी, परंतु तोंडात आलेली वस्तू सहजासहजी न सोडणारी. दोघांचे आपसांतले नाते चांगले बसलेले आहे. पडवीतला कोपरा वाघ्याचा, पायरीखालची गार जागा शेवंतीची आणि वाडीच्या मागच्या बेड्यापर्यंतची (फाटकापर्यंतची) सकाळची फेरी दोघांची. तिसरा जीव आणण्याचा निर्णय आम्ही घेतला आहे, त्यांनी नव्हे. म्हणून पिल्लू सुखरूप राहावे एवढ्यावरच न थांबता, या दोघांना आपल्याच घरात परके झाल्यासारखे वाटू नये, हे या प्रकल्पाचे पहिले उद्दिष्ट मानून या नोंदी ठेवत आहे.

९ मार्च

दोघांना घेऊन चिपळूणला पशुवैद्यांकडे जाऊन आलो. गुहागरहून सुमारे ४५ किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता वाघ्याला जड जातो, तरी पिल्लू येण्यापूर्वी ही तपासणी टाळता येण्यासारखी नव्हती. डिस्टेंपर, पार्व्हो (आतड्यांचा विषाणूजन्य रोग), लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य आजार) आणि रेबीज यांच्या वार्षिक लसी दोघांनाही टोचून घेतल्या. गोचिडांवरचे औषधही आजच दिले, कारण मोठ्या कुत्र्यांच्या अंगावरची गोचीड पिल्लावर चढली, की तिच्याबरोबर एर्लिकियासारखा ताप येण्याची भीती असते, आणि लहान जीवाला तो फार लवकर खंगवतो.

वाघ्याच्या कमरेच्या सांध्यांची झीज झाली आहे, असे क्ष-किरण चित्रावरून दिसले. ही गोष्ट आज कळली हे फार बरे झाले. पिल्लू खेळण्याच्या भरात नेमके मागून येते, पाठीवर चढते, शेपटीला लोंबकळते. दुखऱ्या कमरेच्या कुत्र्याने अशा वेळी तोंड टाकले, तर घरातली माणसे ‘इतका शांत कुत्रा, पण पिल्लाचा मत्सर करतो’ असा निष्कर्ष काढून मोकळी होतात, आणि दुखणे तसेच राहते. म्हातारे कुत्रे पिल्लाला सहन करीत नसेल, तर स्वभावाआधी सांधे, दात आणि कान तपासून घ्यावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. वाघ्याला कुत्र्यांसाठी असलेले वेदनाशामक औषध सुरू केले आहे. माणसांच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामोल, कुत्र्यांना घातक ठरू शकतात, त्यामुळे ‘घरातलीच अर्धी गोळी देऊन पाहू’ हा उपाय कोणी करू नये, हे पशुवैद्यांनी निघताना पुन्हा बजावले.

१८ मार्च

शिमग्याची धामधूम अजून चालू आहे. ग्रामदेवतेची पालखी दारात आली, अंगणात नाचली, ढोल-ताशांनी घर दणाणून गेले आणि शेवंती माजघरातल्या खाटेखाली जाऊन बसली. सणाआधीच पिल्लू घेऊन जा, असे बागेच्या मालकांनी सुचवले होते, ते मी मानले नाही. घरातली कुत्री आधीच बावरलेली असताना त्यांच्यापुढे नवा प्राणी आणणे म्हणजे ढोलांची भीती आणि पिल्लाचा वास एकमेकांना जोडून देणे होय.

दरम्यान गोठ्याची तयारी पूर्ण झाली. गुरे काढल्यापासून गोठा रिकामा आहे, दाराला कडी आहे, वारा खेळता आहे आणि घरापासून तो अंगणाएवढ्या अंतरावर आहे. जमीन आधी खरवडून धुतली आणि मग एक भाग घरगुती ब्लीचला तीस भाग पाणी या प्रमाणात द्रावण करून दहा मिनिटे ओली राहील अशी पुसून घेतली. पार्व्होचा विषाणू जमिनीत आणि फटींत महिनोन्‌महिने टिकतो आणि त्याच्या बाबतीत फिनेलवर विसंबता येत नाही. सुताराकडून पडवीसाठी जाळीचे अर्धे दार करून घेतले आहे. ओटी तीन पायऱ्या उंच असल्यामुळे लहान पिल्लाला काही आठवडे तरी ती चढता येणार नाही, म्हणून वाघ्याची जाड गादी तिथे हलवली आणि त्याला नवी जागा आवडावी यासाठी संध्याकाळचे जेवण तिथेच देऊ लागलो.

एकमेकांच्या वासाची आधीच ओळख व्हावी म्हणून आईच्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे केले. एक पिल्लांच्या अंथरुणात ठेवून आले, दुसरा शेवंतीच्या जागेत घातला.

२५ मार्च

पिल्लू आज आणले. पिकायला आलेल्या काजूच्या बोंडूचा रंग असल्यामुळे भाचीने त्याचे नाव ‘बोंडू’ ठेवले आणि ते लगेच रूढ झाले. पहिली लस आणि जंताचे औषध देऊन, वाडीच्या मागच्या बेड्यातून आत येऊन, घरातल्या दोघांच्या नजरेस न पडता त्याला थेट गोठ्यात नेले.

पुढचे दोन आठवडे बोंडू गोठ्यातच वेगळा राहील. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे तीन ते सात दिवस जातात, काही वेळा दोन आठवडेही लागतात, आणि आठ आठवड्यांच्या पिल्लाला एका लसीने पुरेसे संरक्षण मिळत नाही. दुसरीकडे, जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत अनेक वर्षे पिल्लांवर केलेल्या अभ्यासातून हे पुढे आले, की पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाची ओळख करून घेण्याचा असतो, आणि त्या काळात न पाहिलेल्या गोष्टींची पुढे भीती वाटू लागते. म्हणजे रोगाच्या भीतीने त्याला डांबून ठेवले तर मनाचे नुकसान, आणि मोकळे सोडले तर जिवाचा धोका. यावर आम्ही मार्ग काढला आहे तो असा, की बोंडूला रोज झोळीत घालून फिरवायचे, एसटी, शाळेची मुले, देवळातली घंटा, विहिरीवरचा पंप, समुद्राची गाज, सगळे दाखवायचे आणि ऐकवायचे, परंतु अनोळखी कुत्री फिरतात अशा जमिनीवर त्याचे पाय टेकू द्यायचे नाहीत.

३१ मार्च

लुगड्याच्या तुकड्यांची अदलाबदल चालू आहे. शेवंतीने बोंडूच्या वासाचा तुकडा बराच वेळ हुंगून त्यावर लोळण घेतली. वाघ्या एकदाच हुंगून, शिंकून निघून गेला. दोघांच्याही मानेवरचे केस उभे राहिले नाहीत. बोंडूच्या रडण्याने पहिल्या रात्री दोघे गोठ्याच्या दिशेने कान टवकारून बसत, आता तेही थांबले आहे. मी रात्री गोठ्यातच झोपते. बोंडू दिवसातले अठरा-वीस तास झोपतो, आणि हे वयाला धरून आहे.

६ एप्रिल

आज प्रथम एकमेकांना दाखवले. गोठ्याच्या दारात बोंडू माझ्या मांडीवर, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला भावाने शेवंतीला दोरीने धरलेले. शेवंतीने पिल्लाकडे पाहिले, की भाऊ तिला उकडलेल्या कोंबडीचा बारीक तुकडा देत होता. तिने काही करून दाखवावे यासाठी हा तुकडा नव्हता, पिल्लू दिसले की काहीतरी चांगले घडते एवढेच तिच्या मनात रुजावे यासाठी होता. थोड्याच वेळात पिल्लू दिसताच ती आपोआप भावाच्या हाताकडे वळू लागली, तेव्हा थांबलो. नंतर वाघ्याला आणले. त्याने कोंबडी घेतली, पिल्लाकडे पाठ केली आणि तो बसून राहिला. पाठ करणे हा कुत्र्यांच्या व्यवहारात तिरस्कार नाही. मला भांडायचे नाही, असे ते सांगणे आहे.

१० एप्रिल

प्रत्यक्ष भेट कुठे घडवायची, यावर बराच विचार केला. स्वतःचे अंगण नको, कारण तिथे मोठी कुत्री राखणदाराच्या भूमिकेत असतात. जागा दोघांनाही परकी हवी. मागचे बेडे उघडले की समोर पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू आहे, तिथे जायचा मोह साहजिक आहे, पण या दिवसांत तो टाळलाच पाहिजे. ऑलिव्ह रिडले कासविणी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत इथे अंडी घालतात आणि पिल्ले बाहेर पडण्याचे काम त्यानंतरही चालू असते. वाळूत पुरलेली अंडी उकरण्यात कुत्री पटाईत असतात, आणि एकाने उकरायला सुरुवात केली की दुसरी त्याचे पाहून शिकतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या प्राण्याचे घरटे आपल्या पाळीव कुत्र्याने मोडावे, हे कल्पनेतही सहन होण्यासारखे नाही. शिवाय किनाऱ्यावर भटकी कुत्री भरपूर, म्हणजे पार्व्होचा प्रश्न आहेच.

शेवटी शेजाऱ्यांची हापूसची बाग निवडली. चारी बाजूंनी चिऱ्यांचा गडगा आहे, बाहेरचे कुत्रे आत येत नाही. सकाळी आंबे उतरवायला माणसे असतात, झेले आणि क्रेट यांची गडबड असते, म्हणून उन्हे कलल्यावर गेलो. भावाने वाघ्याला घेऊन पुढे चालायचे आणि मी बोंडूला घेऊन वीसेक पावले बाजूने त्याच दिशेने चालायचे, असे ठरले होते. समोरासमोर आणून उभे करणे कुत्र्यांच्या रीतीत उद्धटपणा समजला जातो, बरोबरीने चालणे नाही. दोरी सैल ठेवण्यावर आमचा सगळा भर होता, कारण आपण दोरी ताणली की कुत्र्याची मान आणि छाती वर उचलली जाते, आणि समोरच्याला ती धमकी वाटते.

चालता चालता अंतर कमी होत गेले. बोंडूने एका कलमाच्या बुंध्याशी पाणी सोडले, ती जागा वाघ्याने सावकाश हुंगली. मग बोंडू पोटावर सरपटत पुढे गेला आणि वाघ्याच्या ओठांच्या कडेला जीभ लावू लागला, पिल्ले आईकडे अन्न मागतात तशी. वाघ्याने तोंड मिटून घेतले. शेपूट पाठीच्या रेषेत स्थिर झाली, मान बाजूला वळली, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला. भावाने ‘चल वाघ्या’ म्हणून त्याला हलक्या आवाजात बोलावले. वाघ्या दोन पावले बाजूला झाला आणि त्याने कानांपासून शेपटीच्या टोकापर्यंत सारे अंग झाडले. हे झाडणे म्हणजे मनावरचा ताण उतरल्याची खूण, आणि ती दिसेपर्यंत मी श्वास रोखून उभी होते. त्यानंतर तो स्वतःहून परत वळला आणि त्याने बोंडूच्या शेपटीखाली हुंगले. त्या घडीला आम्ही दोघांना वेगळे करून घरी आलो. भेट रंगात असतानाच संपवावी.

१३ एप्रिल

आज शेवंतीची पाळी. वाघ्याला आधी नेले होते तो शांत आहे म्हणून. शेवंती खेळकर, त्यामुळे सोपे जाईल असे भावाला वाटत होते, पण पंधरा किलोची कुत्री आणि अडीच किलोचे पिल्लू यांच्या खेळात चुकूनही हाड मोडू शकते. तिने पुढचे पाय जमिनीला टेकवून, कंबर वर धरून बोंडूला खेळायला बोलावले आणि मग इतक्या वेगाने त्याच्याभोवती चकरा मारल्या, की तो गवतात कोलमडला.

अशा वेळी पिल्लाला मजा वाटते आहे की भीती, हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. मोठ्या कुत्र्याला दोन क्षण धरून ठेवावे आणि पिल्लू काय करते ते पाहावे. पिल्लू लपले किंवा माणसाच्या पायांत शिरले, तर खेळ तिथेच संपवावा. बोंडू उठला, शेवंतीकडे धावत गेला आणि तिच्या कानाला लोंबकळला, म्हणून तिला पुन्हा सोडले. थोड्या वेळाने ती स्वतःच आडवी पडून त्याला अंगावर चढू देऊ लागली. ताकदवान कुत्रे आपली ताकद आवरून खाली पडते, तेव्हा त्या खेळावर विश्वास ठेवता येतो.

१९ एप्रिल

दुसरी लस आणि लेप्टोची पहिली मात्रा काल दिली. बोंडू आता दिवसा पडवीत असतो. रात्री सर्वांनाच आत घ्यावे लागते, कारण आमच्या डोंगरउताराच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रे हे त्याचे सोपे भक्ष्य आहे. त्यामुळे ‘रात्री मोठी कुत्री बाहेर, पिल्लू आत’ ही सोय आमच्याकडे शक्य नाही. जाळीचे दार इथे कामी येते. बोंडू दाराच्या आत, ती दोघे बाहेर, सगळ्यांना एकमेकांचा वास आणि आवाज, पण अंगाशी कोणी नाही.

दुपारी एक प्रसंग घडला, तो सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक आहे. वाघ्या खाली पडवीत उतरून झोपला होता. बोंडू त्याच्या शेपटीशी खेळू लागला. वाघ्याने डोळे उघडून आधी ओठ चाटले, मग जांभई दिली, मग मान फिरवली. बोंडूला यातले काही उमगले नाही आणि त्याने दात लावले. तेव्हा वाघ्या घशातल्या घशात गुरगुरला. घरी आलेले एक परिचित गृहस्थ लगेच ‘ए वाघ्या, गप’ म्हणून ओरडणार, तोच आई म्हणाली, “त्याला दटावू नका हो, तो नीट शब्दांत सांगतोय त्याला. बाळालाच उचला.” मी बोंडूला उचलले आणि वाघ्याला ओटीवर जाऊ दिले.

माझ्या सगळ्या प्रकल्पाचे सार आईच्या त्या वाक्यात आहे. ओठ चाटणे, जांभई, मान वळवणे, अंग ताठणे, गुरगुरणे, दात दाखवणे, हवेत चावा घेणे आणि शेवटी चावणे, अशा कुत्र्याच्या सांगण्याच्या पायऱ्या असतात. गुरगुरण्याबद्दल शिक्षा केली, तर कुत्र्याच्या मनातली अडचण जात नाही, फक्त ती सांगण्याची पायरी जाते. मग एके दिवशी ते ‘काही न सांगता’ चावते. वाघ्याला नको म्हणण्याची पूर्ण मुभा आहे आणि त्याने ते हळू आवाजात म्हटले तरी घरातल्या माणसांनी ऐकायचे, हा नियम आजपासून सर्वांसाठी.

त्या गृहस्थांचे म्हणणे असे होते, की मधे पडू नये, वरचढ कोण ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. हा समज खूप पसरलेला आहे. त्याचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांत सापडते. पुढे डेव्हिड मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहून १९९९ मध्ये दाखवून दिले, की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते आणि तिथे गादीसाठी मारामाऱ्या चालत नाहीत. आमच्या पडवीत तर नऊ वर्षांचा सांधेदुखीने गांजलेला कुत्रा आणि तीन महिन्यांचेही न झालेले पिल्लू आहे. त्यांना ‘ठरवू देणे’ म्हणजे दोघांनाही वाऱ्यावर सोडणे.

४ मे

खाण्याची व्यवस्था सुरुवातीपासून वेगळी आहे. वाघ्या ओटीवर, शेवंती न्हाणीशेजारी, बोंडू जाळीच्या आत, आणि वाट्या उचलून झाल्याशिवाय कोणी कोणाच्या जागेत जात नाही. बांगडे साफ करताना तिघांनाही बांधून ठेवतो. त्यामुळे जेवणावरून काही घडलेले नाही.

तंटा झाला तो शहाळ्यावरून. उन्हाळ्यात शहाळी फोडली, की मलई खरवडल्यानंतरची करवंटी आमच्याकडे अंगणाच्या कडेला टाकतात आणि शेवंती त्यातले सोडण तासन्‌तास कुरतडत बसते. काल ती असे एक शहाळे दोन्ही पंज्यांत धरून बसली असताना बोंडू सरळ तोंड घालायला गेला. शेवंतीचे चावणे थांबले, मान शहाळ्यावर खाली आली, सारे अंग थिजले. हे थिजणे गुरगुरण्याहून अधिक गंभीर असते. मी पोहोचेपर्यंत तिने त्याच्या नाकापासून बोटभर अंतरावर दात वाजवले आणि बोंडू केकाटत माझ्याकडे आला. त्याला खरचटलेसुद्धा नव्हते. पंधरा किलोच्या कुत्रीने मनात आणले असते तर दात नक्कीच लागला असता. तिने तो मुद्दाम लावला नाही, आणि पिल्लू मागे सरताच ती थांबली. मोठ्या कुत्र्याने दिलेली ताकीद योग्य होती की नाही, हे याच दोन गोष्टींवरून ठरवावे. पिल्लू शरण गेल्यावरही कुत्रे थांबत नसेल, किंवा अंगावर दाताची भोके पडत असतील, तर ती ताकीद नव्हे, आणि अशा घरात दोघांना पूर्ण वेगळे ठेवून जाणकाराला बोलावले पाहिजे.

शेवंतीला कोणी ओरडले नाही. शहाळ्यांची टरफले, हाडे, आंब्याच्या बाठी, सारे उचलून गोठ्यामागच्या खड्ड्यात टाकायला सुरुवात केली आहे. तिला कुरतडायला शहाळे मिळेल, पण माजघरात, दार लोटून, एकटीला. बोंडूला ‘सोड’ आणि ‘इकडे ये’ हे दोन शब्द शिकवणे चालू आहे.

१३ मे

मुंबईहून चाकरमानी मंडळी आली आहेत, घर मुलांनी भरले आहे. मुलांचा पिल्लावर जीव, आणि त्या प्रेमापोटी ती बोंडूला उचलून ‘बघ वाघ्या, तुझा भाऊ’ म्हणत थेट वाघ्याच्या तोंडाशी नेतात. यात वाघ्याला मागे सरायला वाव राहत नाही आणि हवेत लोंबकळणाऱ्या बोंडूलाही शरीराने काही सांगता येत नाही. मुलांना रागावण्याऐवजी त्यांना निरीक्षणाचे काम दिले. ओठ चाटले, जांभई दिली, मान वळवली, अंग झाडले, असे चार रकाने वहीत आखून दिले आणि पडवीच्या बाकावर बसून नोंदी करायला सांगितल्या. सात वर्षांच्या पुतण्याने संध्याकाळी येऊन सांगितले, “काकू, वाघ्या दमला की आधी जीभ काढतो, मग उठून जातो.” माझ्याकडे येणाऱ्या अनेक मोठ्या माणसांना हे दिसत नाही. बोंडूला उचलायचे असेल तर मला विचारून, आणि जमिनीवर बसून, हा नियम मुलांनी आपण होऊन भिंतीवर लिहिला.

शेवंती या गर्दीत चिडचिडी झाली आहे. तिला रोज सकाळी एकटीला फिरवायला नेतो, बोंडूशिवाय. तिचे माझ्याबरोबरचे जे होते, ते तिचेच राहिले पाहिजे.

२६ मे

मृगाची वाट पाहण्याआधीच पाऊस आला. यंदा मोसमी वारे २५ मे रोजीच तळकोकणात दाखल झाले आणि त्याआधीचे काही दिवसही सरींनी झोडपत होते. बोंडूची शेवटची लस, लेप्टोची दुसरी मात्रा आणि रेबीजची लस १६ तारखेला होऊन गेली, याचे फार समाधान वाटते. लेप्टोचे जंतू उंदरांच्या मूत्रातून चिखलात आणि साचलेल्या पाण्यात उतरतात, कातडीवरच्या बारीकशा जखमेतून शरीरात जातात आणि मूत्रपिंड व यकृत निकामी करतात. कुत्र्याकडून तो माणसालाही होऊ शकतो. कोकणात पावसाळा तोंडावर असताना पिल्लाची ही लस मागे ठेवणे योग्य नाही. साचलेले पाणी तिघांनाही पिऊ देत नाही आणि गडग्याच्या चिऱ्यांत, पालापाचोळ्यात फुरसे असण्याचा धोका असल्यामुळे बोंडूला तिथे हुंगायला सोडत नाही.

पावसाने आणखी एक अडचण आणली. अंगणात पांगणारी तीन कुत्री आता दिवसभर पडवीत एकत्र आहेत. जागा आकसली की तंटे वाढतात. झावळ्यांचे झाप लावून पडवीचे दोन भाग केले, दुपारच्या झोपेच्या वेळी बोंडू गोठ्यात जातो आणि खेळ झोप उरकल्यानंतरच होतो. अपुरी झोप झालेले पिल्लू दात आवरत नाही, असा अनुभव आहे.

२२ जून

बोंडू पाच महिन्यांचा होत आला. पुढचे दुधाचे दात पडून कायमचे येऊ लागले आहेत. दुधाचे अठ्ठावीस जाऊन बेचाळीस येईपर्यंत हिरड्या शिवशिवत राहणार, म्हणून भिजवून गार केलेला जाड कापडाचा पीळ त्याला चघळायला देतो.

मोठ्यांच्या वागण्यात फरक पडला आहे. ज्या खोड्या एप्रिलमध्ये दोघे मुकाट सोसत होती, त्यांवर आता लगेच ताकीद मिळते. शेवंतीने त्याला काल वसकन अंगावर जाऊन भिंतीपर्यंत मागे रेटले आणि मग त्याच्याकडे पाठ करून ती निघून गेली. आई घाबरली, परंतु मला यात काळजीचे कारण दिसले नाही. लहान पिल्लाला मोठी कुत्री जी सवलत देतात, ती या वयाच्या आसपास संपू लागते आणि मोठ्यांच्या रीतीने वागण्याची अपेक्षा सुरू होते. बोंडू थोडा वेळ दूर बसला, मग अंग वाकवून, कान मागे घेऊन, कडेकडेने शेवंतीजवळ गेला आणि तिने त्याला शेजारी पडू दिले. एप्रिलमध्ये सरळ तोंडावर धावणारे पिल्लू आता कडेने, वळसा घालून येते. ही अदब त्याला आमच्यापैकी कोणी शिकवलेली नाही.

वाघ्याच्या बाबतीत मात्र मी अजूनही मधे पडते. शेवंतीला आपले म्हणणे अंगबळावर पटवता येते, वाघ्याला येत नाही. बोंडू आता ओटी सहज चढतो, म्हणून जाळीचे दार पडवीतून काढून ओटीच्या तोंडाशी बसवून घेतले.

६ जुलै

सद्यस्थिती अशी आहे. बोंडू आणि शेवंती घरात माणूस असताना मोकळी एकत्र असतात. सर्वजण बाहेर गेलो, तर बोंडू गोठ्यात. वाघ्या आणि बोंडू एकाच गादीवर झोपलेले अजून दिसलेले नाहीत आणि तसे व्हावे असा आग्रहही नाही. तिघांची जेवणे वेगळी आहेत आणि ती कायम वेगळीच राहतील. शेवंतीची शहाळ्याबाबतची वृत्ती बदललेली नाही, तीही सांभाळूनच घ्यायची आहे.

बोंडूच्या नसबंदीची वेळ पशुवैद्य पुढच्या भेटीत ठरवून देतील. शस्त्रक्रियेनंतर दवाखान्याच्या वासाने घरातली कुत्री परत आलेल्याला अनोळखी समजून अंगावर जाऊ शकतात, म्हणून त्या दिवशी त्याला प्रथम गोठ्यात ठेवायचे, त्याच्या अंगावर घरातलीच गोधडी घालायची आणि दुसऱ्या दिवशी जाळीआडून भेट घडवायची, असे ठरवले आहे. वाघ्याचे सांध्यांचे औषध चालू आहे, ते आणताना रक्ततपासणीही करून घ्यायची आहे. पुढील नोंद शस्त्रक्रियेनंतर.